नाकारलेली चप्पल

बेंगळूरच्या चिकपेटेतून गौरींच्या दोन साड्या घेऊन त्रिविक्रमराव घाटगे सोमवारी दुपारी घरी पोचले, तेव्हा त्यांच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात छत्री होती, चेहऱ्यावर मोहीम फत्ते केल्याचं तेज होतं आणि पायात एकच चप्पल होती. यातली शेवटची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती.

दार अहल्याबाईंनी उघडलं. साड्यांकडे बघायच्या आधी त्यांचं लक्ष खाली गेलं.

"अहो, दुसरी चप्पल कुठंय?"

"कसली दुसरी?"

"डाव्या पायातली."

त्रिविक्रमरावांनी खाली पाहिलं. म्हणजे आधी पोट पाहिलं, मग ते आत ओढून त्याच्या पलीकडे पाहिलं. उजवा पाय चपलेत होता. डावा पाय धुळीनं काळा होऊन उघडाच फरशीवर टेकलेला होता. दुसरा एखादा असता तर "अरेच्चा" म्हणून हसला असता आणि विषय तिथंच मिटला असता. पण त्रिविक्रमरावांनी यशवंतपूरच्या कारखान्यात तपासणी खात्यात चौतीस वर्षं काढली होती. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवणारा माणूस. आपल्याच पायातली चप्पल गेली आणि आपल्याला पत्ता नाही, हे त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

"चोरीला गेली," ते म्हणाले.

"पायातून?"

"चिकपेट आहे ते. तिथं काय चोरीला जात नाही?" आणि ते तडक न्हाणीघरात गेले. अलीकडे त्यांना तिथं तासाला एकदा तरी जावंच लागे.

आता खरं काय घडलं ते सांगायला हवं, कारण घरात ते कुणालाच माहीत नव्हतं आणि चार दिवस माहीत होणार नव्हतं. चिकपेटेतल्या साड्यांच्या दुकानात पायरीवर चपला काढायच्या आणि पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं, ही जुनी रीत. त्रिविक्रमराव बसले. ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघींना रंग सारखा हवा आणि काठ वेगळे हवेत, असा अहल्याबाईंचा हुकूम होता, त्यामुळे चाळीसेक साड्या उलगडल्या गेल्या. प्रत्येक साडीच्या घडीला टाचण्या. दुकानदार त्या काढून बशीत टाकत होता. एक बशीच्या बाहेर पडली. त्रिविक्रमराव उठले आणि त्यांनी डावा पाय नेमका तिच्यावर ठेवला. करंगळीच्या बुडाशी ती टाचणी सरळ आत गेली, डोक्यापर्यंत. तुम्ही आम्ही असतो तर अशी किंकाळी फोडली असती की अख्खी गल्ली गोळा झाली असती. त्रिविक्रमराव म्हणाले, "जरा मोठी पिशवी द्या." मग त्यांनी पाय चपलेत घातला आणि टाचणी अजून नीट बसली.

दुखलं कसं नाही, म्हणता? त्याचं उत्तर सहा वर्षं जुनं होतं. कारखान्यातल्या शिबिरात त्यांची शुगर भरपूर निघाली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रावांनी दोन महिने घेतल्या, पुन्हा रक्त तपासलं, आकडा बरोबर आला. तपासणी खात्याच्या नियमानं माल पास झाला. पास झालेला माल पुन्हा कोण तपासतो? गोळ्या बंद. तेव्हापासून कुणी विचारलं की ते दोन बोटांत चिमूटभर हवा पकडून "स्वल्प शुगर आहे" म्हणत. वरच्या मजल्यावरच्या शिवाप्पांनी दिलेल्या होन्नेच्या, म्हणजे बिबळ्याच्या, लाकडी पेल्यातलं पाणी सकाळी प्यायचं, एवढा उपचार. आणि खात्रीसाठी त्यांची स्वतःची एक तपासणी होती. साखर असेल तर न्हाणीघरात मुंग्या येतील, हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. रोज सकाळी ते वाकून बघत. मुंग्या नाहीत. म्हणजे साखर नाही. अपार्टमेंटमध्ये दर तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोल होतं आणि सहा वर्षांत त्या इमारतीत मुंगी फिरकलेली नाही, हे त्यांनी लक्षात घेतलं नव्हतं. दोन वर्षांपासून चालताना पायाखाली कापूस अंथरल्यासारखं वाटायचं. निवृत्तीनंतर माणसाला आराम लाभतो तो हाच, अशी त्यांची समजूत होती.

चोरी झाली म्हटल्यावर शिवाप्पा गप्प बसणं शक्य नव्हतं. शिवाप्पा निपाणीकडचे, अपार्टमेंट असोसिएशनचे सेक्रेटरी, आणि काही घडलं नाही तर तब्येत बिघडणाऱ्यांपैकी. मंगळवारी सकाळी नऊला ते दारात हजर.

"राव, चोरी म्हंजे चोरी. आज एक चप्पल नेली, उद्या स्कूटर नेतील की! चला, कॅमेरा बगूया."

"कशाला एवढं एका चपलेसाठी?"

"एकच नेली, तेच तर वंगाळ. दोन नेल्या असत्या तर समजलं असतं. एक नेणारा माणूस साधा नसतोय."

खाली वॉचमनच्या खोलीत दोघं पडद्यापुढे बसले. सोमवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. गेटातून त्रिविक्रमराव येताना दिसले, छत्री, पिशवी, ताठ मान. उजव्या पायात चप्पल, डावा उघडा. चाल मात्र अशी की दोन्ही पायांत बूट असावेत.

वॉचमन मंजुनाथ मागून भीतभीत म्हणाला, "मी बघितलं होतं सर. मला वाटलं, काहीतरी नवस असेल."

शिवाप्पांनी पडदा थांबवला आणि पुन्हा मागं नेला. तिसऱ्यांदा बघताना ते पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "म्हंजे चोरी बाहेर झाली. तुम्ही मेट्रोनं आलात न्हवं? तिथं चौकशी करू."

रावांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. पण चोरीचा शब्द आपणच काढलेला, आता मागं कसा घेणार? पुरावा म्हणून उजवी चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घेतली, पायात जुने बूट घातले, बुटाच्या आत मोजे घातले, आणि निघाले. मोज्याच्या आत, पायात, टाचणी होतीच.

स्टेशनवर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीपाशी कावेरी नावाची एक तरुण बाई बसली होती. तिनं अदबीनं अर्ज पुढं केला. "सर, हरवली की चोरीला गेली?"

"चोरीला," राव म्हणाले.

"मग पोलीस स्टेशनला जायला लागेल सर. इथं फक्त हरवलेलं."

शिवाप्पांनी कोपरानं ढोसलं. "हरवली म्हणा की हो. घरी गेल्यावर परत चोरीला जाऊ दे."

"बरं. हरवली," राव म्हणाले. आपल्यावर फार मोठा अन्याय होत आहे असा त्यांचा चेहरा झाला होता.

"कुठे हरवली? किती वाजता?"

"ते ठाऊक असतं तर हरवली असती का?"

कावेरी हसली. तिनं कपाट उघडलं आणि एक तपकिरी चप्पल काढून खिडकीत ठेवली. डावी. अंगठ्याला चिठ्ठी बांधलेली. रावांनी पिशवीतून उजवी काढली आणि शेजारी ठेवली. सख्ख्या बहिणी! शिवाप्पांनी टाळीच वाजवली. काम फत्ते होणारच होतं, पण कावेरी वही उघडून वाचू लागली आणि वाचता वाचता तिचं हसू गेलं.

"सर, एका बाईंनी जमा केलीय. त्यांनी लिहिलंय, एका वयस्कर गृहस्थांच्या पायातून ही चप्पल सुटली. मागून दोनदा हाक मारली. तिसऱ्या वेळी पुढं जाऊन हातात धरून दाखवली. गृहस्थ म्हणाले, माझी नाही."

रावांना ती बाई आठवली. सरकत्या जिन्याच्या वर, हिरवा ड्रेस, हातात चप्पल. भलत्याच कुणाची चप्पल दाखवतेय असं वाटून त्यांनी खाली न बघताच "नन्नदल्ल", माझी नाही, म्हणून हात झटकला होता. माझ्या पायातल्या माझ्या पायात आहेत, एवढी खात्री! जिन्यापासून घरापर्यंत आपण चाललो. ऊन होतं, खडी होती, रस्ता खणलेला होता. आणि आपल्याला काहीच कसं लागलं नाही?

"मालकानं नको म्हटलेली वस्तू अशीच देता येत नाही सर," कावेरी हळू आवाजात म्हणाली. "पण सोपं आहे. इथं एवढंच लिहून द्या. चप्पल माझी आहे, आणि ती पायातून केव्हा गेली ते मला कळलं नाही. खाली सही."

रावांनी पेन उचललं. 'चप्पल माझी आहे' इथवर लिहिलं. मग पेन खाली ठेवलं.

"मी चौतीस वर्षं तपासणी खात्यात होतो," ते म्हणाले, आणि आवाज वाजवीपेक्षा जरा मोठा निघाला. "मला कळलं नाही, असं मी कुणाला लिहून देणार नाही. ठेवा ती चप्पल."

परतीच्या वाटेवर शिवाप्पा रावांच्या डाव्या बुटाकडेच बघत होते. गेटापाशी आल्यावर ते म्हणाले, "राव, पाय दाखवा बगू जरा."

"रस्त्यात?"

"मग घरी दाखवा."

"शिवाप्पा, चप्पल गेली आहे. पाय आहे जागेवर," राव म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

बुधवारी गणपती बसले. राव मोजे घालूनच वावरत होते. बेंगळूरची थंडी, म्हणाले. बुधवारी कसलीही थंडी नव्हती, पण त्यांना मात्र अंगावर शाल घ्यावीशी वाटत होती. घसा सारखा कोरडा पडायचा. तांब्याभर पाणी पिऊन पुन्हा तांब्या शोधायचे. सुप्रीता, त्यांची मुलगी, सणासाठी चार दिवस रजा घेऊन आली होती. तिनं कपाळाला हात लावून बघितला.

"अप्पा, ताप आहे. उद्या रक्त तपासून घेऊ."

"सणासुदीला सुया नकोत," अप्पा म्हणाले.

सुई आत शिरून तिसरा दिवस होता.

आणि गुरुवारी घरात वास सुटला. आधी अहल्याबाईंना आला, मग सुप्रीताला. गोडसर, कुजका, नको वाटणारा. "उंदीर मेलाय कुठंतरी," अहल्याबाई म्हणाल्या, "आणि उद्या गौरी यायच्यात, आता काय करू गं बाई!" सगळं घर कामाला लागलं. कपाटं सरकवली, गॅसची टाकी हलवली, गाद्या उचलल्या. शिवाप्पा बॅटरी घेऊन आले आणि त्यांच्या बायको शालन अक्का धुपाटणं घेऊन आल्या. या मोहिमेचं नेतृत्व अर्थातच त्रिविक्रमरावांकडे. मूळ पेशाच तो. "पद्धतशीर चला. एकेक खोली. आधी स्वयंपाकघर." स्वयंपाकघरात वास आला. "आता झोपायची खोली." तिथंही आला. हॉलमध्ये गेले, हॉलमध्ये आला. राव ज्या खोलीत जाऊन हुकूम सोडत त्याच खोलीत उंदीर असल्याचं निष्पन्न होई.

"फिरता उंदीर दिसतोय," शिवाप्पा म्हणाले.

"मेलेला कसा फिरेल?" सुप्रीता म्हणाली. त्यावर रावांनी, पुरावा नसताना मत देऊ नये, असं दोघांनाही बजावलं. बोलताना ते भिंतीला धरून उभे होते, कारण खोली जरा हलल्यासारखी वाटत होती. शेवटी शालन अक्कांनी इतका धूप घातला की माणसांचीच माणसांना ओळख पटेना, आणि शोध तहकूब झाला.

शुक्रवार उजाडला. गौरी दुपारी चारनंतर आणायच्या होत्या. सकाळपासून अहल्याबाई आणि सुप्रीता जमिनीवर बसून पावलं काढत होत्या. घाटग्यांच्या घरी ती कुंकवाच्या पाण्यात मूठ बुडवून काढतात. मुठीची कड फरशीवर दाबायची की इवलंसं पाऊल उठतं, वर बोटांचे पाच ठिपके द्यायचे. उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत डावं-उजवं, डावं-उजवं. तीनशे वर्षं हे घराणं कर्नाटकात आहे, भाषेत कानडी शिरली, जेवणात शिरली, पण पावलं तशीच राहिली.

पूजेला मोजे चालत नाहीत. साडेतीनला रावांनी मोजे काढले, डावा जरा ओढून. कुणी आपल्या तळपायाकडे बघतं का कधी? त्यांनीही नाही बघितलं. न्हाणीघरात पायांवर पाणी घेतलं, धोतर नेसलं, आणि ओल्या पायांनी बाहेर आले. बाहेर कुणी नव्हतं. बायका सगळ्या दारात गौरींपाशी. स्वयंपाकघरात फ्रिज होता आणि फ्रिजमध्ये पुरणाचं पातेलं होतं. अंगात ताप, तोंड कडू, आणि चार दिवस सगळ्यांनी सुई, पाय, चप्पल म्हणून छळलेलं. रावांना वाटलं, तेवढ्यानं काय होतंय. दोन बोटं पुरण तोंडात टाकून, दार आवाज न करता लावून, ते हॉलमधल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत शाल लपेटून बसले. इतकं हलकं वाटत होतं की डोळे आपोआप मिटले.

दारात ताटल्या वाजल्या. अहल्याबाई ज्येष्ठेचा मुखवटा दोन्ही हातांत घेऊन उंबऱ्याशी उभ्या. रीतीप्रमाणे शालन अक्कांनी विचारलं, गौर कशाच्या पावलांनी आली, आणि सगळ्यांनी सोन्याच्या, मोत्यांच्या म्हणून उत्तरं दिली. एकेक पाऊल टाकत मिरवणूक आत निघाली. घर दाखवायचं असतं गौरीला. हे धान्य बघ, हे दूधदुभतं बघ. म्हणून सगळ्या स्वयंपाकघराकडे वळल्या, आणि शालन अक्का थबकल्या.

"अय्यो, अहल्याक्का! यंदा पावलं फ्रिजपर्यंत काढलीत की!"

"सुप्रीतानं काढली असतील."

"मी नाही," सुप्रीता म्हणाली. "मी देव्हाऱ्यापर्यंतच काढली."

सगळ्यांनी खाली बघितलं. पांढऱ्या फरशीवर लाल पावलं. मोठी. माणसाच्या पावलाएवढी, पाचही बोटं उमटलेली. न्हाणीघराकडून फ्रिजपाशी, तिथं दोनतीन एकमेकांवर, मग हॉलकडे. आणि सगळी डावी. उजवं पाऊल कुठंच नाही.

शालन अक्कांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "आपल्या पायानं आली हो लक्ष्मी! काढायला लागली नाहीत पावलं!" त्यांनी वाकून एका पावलाला बोटं लावली आणि ती कपाळाला लावली. मागच्या दोघी शेजारणी पदर सावरून वाकू लागल्या. कुणीतरी आरतीचं तबक पुढं केलं.

सुप्रीता मात्र गुडघ्यावर बसली होती. कुंकू सकाळीच वाळलं होतं. हे ओलं होतं. मधे मधे पिवळट. ती अजून खाली वाकली आणि तिला वास आला. कालचाच. उंदराचा.

"कुणी हात लावू नका," ती म्हणाली. तिचा आवाज असा लागला की तबक धरणारा हात तिथंच थांबला.

ती पावलांवरून निघाली. फ्रिज. पुरणाच्या पातेल्यात दोन बोटांची वाट. हॉल. गणपतीच्या पुढून, पाटाला वळसा घालून, कोपऱ्यातली खुर्ची. खुर्चीखाली लाल थारोळं, ताटलीएवढं. आणि वर शालीत अप्पा, गाल तापानं लाल, चेहरा समाधानी.

"गौर बसली का?" त्यांनी डोळे उघडून विचारलं.

"अप्पा, पाय वर करा."

"पाहुण्यांसमोर?"

"अप्पा, पाय!"

तिनं स्वतःच तो उचलला. करंगळी काळीनिळी होऊन सुजली होती, तिच्या बुडाशी कातडी फाटली होती, आणि त्या भोकातून टाचणीचं डोकं बाहेर दिसत होतं. लाल रेघा घोट्याच्या वर चढल्या होत्या. सुप्रीतानं त्या जागेवर बोट दाबलं. अप्पा तिच्याकडे बघत होते, काय चाललंय ते न कळून.

"दुखत नाही?"

"काय?"

अहल्याबाई मुखवटा हातात घेऊन मागं उभ्या होत्या. गौर एकदा उंबऱ्याच्या आत आली की बसवल्याशिवाय हातातून खाली ठेवायची नाही, ही त्यांच्या सासूची आणि त्या सासूच्याही सासूची शिकवण. पस्तीस वर्षांत त्यांनी ती मोडली नव्हती. त्यांनी मुखवटा शालन अक्कांच्या हातात दिला.

"हिला घेऊन थांबा," त्या म्हणाल्या. "गौर मागनं बसेल. शिवाप्पाअण्णांना गाडी काढायला सांगा."

"अगं, आज सणाचा दिवस, लोक काय म्हणतील?" राव म्हणू लागले.

"गप्प बसा!" अहल्याबाई ओरडल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच.

दवाखान्यात डॉक्टर पवित्रांनी शुगर मोजली. चारशे अडतीस. नर्सला हाक मारताना त्यांनी चष्मा काढला, तेवढ्यानंच शिवाप्पा खुर्चीत बसले. टाचणी काढायला पाच मिनिटं लागली. तेवढा वेळ राव डॉक्टरांना पुरणाचं प्रमाण किती किरकोळ होतं ते समजावत होते. स्टीलच्या बशीत 'टण्' वाजलं तेव्हा त्यांनी विचारलं, "काय पडलं?"

"तुमच्या पायातली टाचणी," डॉक्टर म्हणाल्या. "आता एक सांगा. चप्पल पायातून सुटते आणि कळत नाही, असं कधी झालंय?"

राव छताकडे बघू लागले. "चोरीला गेली एक," ते म्हणाले. शिवाप्पांनी तोंड फिरवलं.

"बरं. डोळे मिटा. माझ्याकडे ही बारीक दोरी आहे. तळपायाला टेकवीन. लागलं की हो म्हणायचं."

परीक्षा म्हटल्यावर राव सावरून पडले. डोळे मिटले. जरा थांबून म्हणाले, "हो." मग पुन्हा, "हो." एका लयीत, न चुकता, दहा वेळा. दहाव्याला त्यांनी डोळे उघडले. डॉक्टर पलीकडे नळापाशी हात पुसत उभ्या होत्या.

"मी अजून सुरूच केलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

त्रिविक्रमरावांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. डॉक्टर जवळ आल्या, त्यांनी मऊ आवाजात पुन्हा डोळे मिटायला सांगितलं. या वेळी रावांनी ठरवलं, खरंच लागल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. ते वाट बघत राहिले. घड्याळाची टिकटिक ऐकली. बाहेर कुणाचा तरी फोन वाजून थांबला. बराच वेळ झाला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "करा ना सुरू."

"झालं," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही पायांना. दहा दहा ठिकाणी."

अहल्याबाईंना हुंदका आवरला नाही. रावांनी डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी कानाकडे ओघळलं, आणि ते मात्र त्यांना कळलं.

शनिवारी सकाळी करंगळी काढावी लागली. पाऊल वाचलं. रविवारपर्यंत थांबलं असतं तर घोट्यापासून की गुडघ्यापासून एवढंच ठरवायचं उरलं असतं, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. मग बोटावर मोजून बाकीचं सांगितलं. डोळे तपासायचे, मूत्रपिंडं तपासायची, इंजेक्शन रोज, आणि गोळ्या कुठलाही आकडा पास झाला म्हणून स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. "शुगर बरी झाली म्हणून गोळ्या सोडल्या म्हणता," त्या म्हणाल्या, "अहो, गोळ्या होत्या म्हणून ती बरी होती." तपासणी खात्यातल्या माणसाला हे सहा वर्षांत सुचलं नव्हतं. मुंग्यांचं त्यांनी डॉक्टरांना सांगितलंच नाही. सुप्रीतानं सांगितलं.

गौरी शुक्रवारी संध्याकाळी सातला, अहल्याबाई घरी परतल्यावर, बसल्या. तोवर शालन अक्का मुखवटा हातात घेऊन तीन तास उभ्या होत्या, भिंतीला पाठसुद्धा न टेकता. कपाळाला लावलेलं त्यांनी सोमवारपर्यंत किती वेळा धुतलं, ते शिवाप्पांनाच माहीत.

मंगळवारी शिवाप्पा दवाखान्यात आले ते एक कागद घेऊन. अर्धवट अर्ज, 'चप्पल माझी आहे' इथवर लिहिलेला. कावेरीनं ठेवून दिला होता.

"म्हणाली, सर परत येतील वाटलं होतं," शिवाप्पा म्हणाले. "राहू दे म्हणालात तर फाडतो. चप्पल काय, आता तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलेलीच घालायची."

रावांनी पेन मागितलं. पुढचं वाक्य लिहायला त्यांना वेळ लागला, कारण प्रत्येक शब्द नीट काढायचा होता. 'ती पायातून केव्हा गेली ते मला कळलं नाही.' एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि खाली पूर्ण नावानं सही केली. आकडा बरोबर आल्यावर करायचे तशी, एका झटक्यात.

चप्पल घरी आली आणि उजवीच्या शेजारी मांडणीवर बसली. ती कुणी घालत नाही आणि टाकतही नाही. आता रोज दिवेलागणीला त्रिविक्रमराव खुर्चीत बसतात, अहल्याबाई पाटावर बसून त्यांचा पाय मांडीवर घेतात आणि बॅटरीच्या उजेडात तळवा बघतात, बोटांच्या बेचक्यासुद्धा. पहिल्या दिवशी रावांना फार अवघडलं होतं. बायकोच्या मांडीवर पाय! बघता बघता अहल्याबाई बोटानं एकेक जागा दाबतात.

"इथं कळतंय?"

"नाही."

"इथं?"

"नाही."

"सरी, बरं," अहल्याबाई म्हणतात, आणि बॅटरी जरा जवळ धरून दुसरा पाय घेतात.